एक सेटिंग, अनेक वाटा: कर्नलमध्ये हार्डवेअरची मूल्यं एकसारखी कशी तपासायची

ड्रायव्हरचा पॅच रिव्ह्यूला आला की मी सुरुवात प्रोबपासून, म्हणजे हार्डवेअर सापडल्यावर पहिल्यांदा चालणाऱ्या फंक्शनपासून, करत नाही. एखादं महत्त्वाचं रजिस्टर, म्हणजे चिपमधली सेटिंग ठेवायची जागा, निवडतो आणि कोडमध्ये त्यात लिहिणाऱ्या सगळ्या जागा ग्रेप या शोधसाधनाने शोधतो. चार जागा निघाल्या आणि मर्यादेची तपासणी त्यातल्या एकीतच दिसली, तर पुढचा पॅच वाचायच्या फंदात पडत नाही. उत्तरात एवढंच लिहितो: या चारही जागा आधी एका फंक्शनमधून न्या, मग बोलू. घराला दारं चार आणि कुलूप एकालाच, असा तो प्रकार असतो.

खाली लिहिलंय ते लिनक्स कर्नल डोळ्यांसमोर ठेवून, कारण माझं काम तिथे चालतं. पण दुसऱ्या कर्नलमध्ये काम करणाऱ्यालाही नावं सोडली तर फार काही बदलावं लागणार नाही.

आधी वाटा शोधा

एखाद्या सेटिंगचं मूल्य चिपपर्यंत कुठून कुठून पोचतं, याची यादी कोड लिहिण्याआधी कागदावर काढा. आयओसीटीएल (प्रोग्रॅमने ड्रायव्हरला थेट दिलेला आदेश) आणि सिसएफएस (सेटिंग फाइलींसारख्या दाखवणारी यंत्रणा) सगळ्यांना आठवतात. नेटवर्कवाल्यांना नेटलिंक ही संदेशांची वाटही आठवते. विसरतात ती पुढची मंडळी: डिव्हाइस ट्रीमधली (बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या फाइलमधली) प्रॉपर्टी, मॉड्यूल पॅरामीटर (ड्रायव्हर लोड करताना दिलेलं मूल्य), सस्पेंडच्या वेळी जपून ठेवलेली आणि रिझ्यूममध्ये परत लिहिली जाणारी अवस्था, आणि प्रोबमध्ये खुद्द चिपमधूनच वाचलेलं मूल्य.

या शेवटच्याकडे कुणी संशयाने बघत नाही. चिपमध्ये आहे म्हणजे बरोबरच असणार, असं गृहीत धरलं जातं. पण ते तिथे बूटलोडरने लिहिलेलं असू शकतं, अर्धवट रिसेटनंतर उरलेलं असू शकतं, किंवा बसवर चिपच नसल्यामुळे सगळे बिट १ आलेले असू शकतात. त्या मूल्याने पुढे कुठे भागाकार होणार असेल, तर शून्याची शक्यता यूजरच्या शून्याइतकीच खरी आहे.

मॉड्यूल पॅरामीटरची तऱ्हा वेगळी. परवानगी ०६४४ (रूटला लिहिता येईल अशी) दिली की ते मूल्य मॉड्यूल चालू असतानाही बदलता येतं, आणि साध्या पॅरामीटरच्या बाबतीत ड्रायव्हरला त्याचा पत्ताही लागत नाही. प्रोबमध्ये तपासलेलं मूल्य तासाभराने वेगळंच असू शकतं. म्हणून दोनच पर्याय ठेवा: परवानगी ०४४४ (फक्त वाचण्याची), नाहीतर स्वतःचं सेट फंक्शन देऊन त्यातून तीच सामाईक तपासणी.

डिव्हाइस ट्रीबद्दल एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो: ‘बाइंडिंगच्या स्कीमात मर्यादा लिहिली आहे की.’ ती स्कीमा (प्रॉपर्टींचे नियम लिहिलेली फाइल) बिल्डच्या वेळी लागू होते, तेही कुणी ती तपासणी चालवली तर. बोर्डावर बसलेला तयार ब्लॉब (डिव्हाइस ट्रीची बायनरी फाइल) त्या चाळणीतून गेलाच असेल याची हमी नाही. ड्रायव्हरने प्रॉपर्टी वाचली की तपासायचीच.

या सगळ्याचं मला आवडणारं उदाहरण म्हणजे आरएस४८५. सिरियल पोर्टचा हा मोड यूजरस्पेस (कर्नलबाहेरचे प्रोग्रॅम) टीआयओसीएसआरएस४८५ या आयओसीटीएलने लावतं, आणि त्याच गोष्टी डिव्हाइस ट्रीतूनही सांगता येतात. पाठवण्याआधी किती थांबायचं, नंतर किती थांबायचं, आरटीएस या नियंत्रण तारेची दिशा कोणती, हे पूर्वी एकेक यूआर्ट (सिरियल पोर्टची चिप) ड्रायव्हर आपापल्या परीने बघायचा. कुणी विलंबाला मर्यादा घालायचा, कुणी जे आलं ते तसंच घ्यायचा. २०२२ मध्ये हे काम सिरियल कोअरमध्ये, म्हणजे सगळ्या सिरियल ड्रायव्हरच्या सामाईक कोडमध्ये, आणलं गेलं. आता ड्रायव्हर फक्त आपल्याला काय काय जमतं ते एका स्ट्रक्चरमध्ये जाहीर करतो. कोअरमधलं एकच फंक्शन विलंब १०० मिलिसेकंदांच्या वर गेला तर १०० वर आणतं, न जमणारे विलंब शून्य करतं, आणि आरटीएसचे दोन्ही फ्लॅग एकदम लावले किंवा एकही लावला नाही तर त्यातला जमणारा पर्याय निवडून लॉगमध्ये इशारा देतं. आयओसीटीएलची वाट आणि पोर्ट उभं राहतानाची वाट, दोन्ही याच फंक्शनमधून जातात. तुमच्या ड्रायव्हरसाठी नेमकं हेच चित्र हवं.

एकदा वाचा, मर्यादा लावा, मग गणित

यूजरची मेमरी दोनदा वाचू नका. पहिल्या वाचनात लांबी तपासली आणि दुसऱ्या वाचनात सगळं स्ट्रक्चर घेतलं, तर मधल्या वेळात दुसरा थ्रेड ती लांबी बदलू शकतो. कॉपी_फ्रॉम_यूजर एकदा, कर्नलच्या मेमरीतल्या प्रतीवर, आणि त्यानंतर फक्त त्या प्रतीशी बोलायचं. दोन टप्प्यांत वाचणं अटळच असेल, तर दुसऱ्या वाचनातली लांबी पहिल्याशी जुळते का ते बघा.

सिसएफएसमधून मजकूर येतो, तो केस्ट्रटोल (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) किंवा त्याच्या भावंडांनी वाचा. जुनं सिंपल_स्ट्रटोल ‘१२अबक’सारखा मजकूर गुपचूप बारा म्हणून घेतं, केस्ट्रटोल तो नाकारतं, शेवटची एक नवी ओळ मात्र चालवून घेतं. आकडा टाइपमध्ये मावत नसेल तर ते ईरेंज हा ‘मर्यादेबाहेर’ सांगणारा एरर कोड देतं. तो कोड तसाच वर पाठवा. कित्येक ड्रायव्हर तिथे काहीही झालं तरी ईइनव्हॅल (‘मूल्य अवैध’) परत करतात. त्याने काही मोडत नाही, पण वापरणाऱ्याला मिळू शकणारी माहिती विनाकारण पुसली जाते.

आता क्रमाचा मुद्दा. हा नीट वाचा, कारण इथे तपासणी असूनही ती फसते.

समजा तापमानाची मर्यादा लिहायची आहे. हार्डवेअर मॉनिटरिंगमध्ये, म्हणजे एचडब्ल्यूमॉनमध्ये, यूजर अंशाच्या हजाराव्या भागात लिहितो. चिपचं रजिस्टर ८ बिटांचं, चिन्हासकट, म्हणजे -१२८ ते १२७ अंश. सरळ सुचणारा कोड असा: मजकुराचा आकडा करा, डिव्ह_राउंड_क्लोजेस्टने हजाराने भागा, मग क्लॅम्प_व्हॅलने -१२८ ते १२७ मध्ये बसवा. वाचायला निर्दोष वाटतो. आता यूजरने -९२२३३७२०३६८५४७७५८०८ लिहिलं तर? ६४ बिटांच्या लाँगमध्ये मावणारा हा सर्वांत लहान आकडा, त्यामुळे केस्ट्रटोल हसतमुखाने घेतं. जवळच्या पूर्णांकाकडे नेण्यासाठी ते भागाकाराचं मॅक्रो ऋण आकड्यातून आधी ५०० वजा करतं. तिथे आकडा टाइपच्या तळातून खाली घसरतो आणि वरून प्रचंड धन होऊन बाहेर येतो. मग क्लॅम्प आपलं काम चोख करतं आणि १२७ देतं. सर्वांत खालची मर्यादा मागितली, मिळाली सर्वांत वरची.

हे मी रचलेलं नाही. २०२४ मध्ये नेमकी ही दुरुस्ती एनसीटी६७७५, डब्ल्यू८३६२७ईएचएफ, एलएम९५२३४, एडीसी१२८डी८१८ अशा ड्रायव्हरमध्ये एकापाठोपाठ एक गेली. उपाय एवढाच की दोन ओळींची अदलाबदल: आधी यूजरच्या एककात -१२८००० ते १२७००० मध्ये बसवा, मग भागा. तपासणी नेहमी कच्च्या आकड्यावर, गणिताच्या आधी.

यातून मला एक सवय लागली आहे, ती इथे सांगतो. मर्यादेच्या स्थिरांकाच्या नावात एकक घालायचं. ‘कमाल_तापमान’ नाही, ‘कमाल_तापमान_मिलि’. पॅच वाचताना एका बाजूला मिलि आणि दुसऱ्या बाजूला अंश दिसले की डोळा आपोआप अडखळतो.

गुणाकारालाही हाच न्याय. रुंदी गुणिले उंची गुणिले प्रत्येक पिक्सेलचे बाइट, हे ३२ बिटांत सहज उतू जातं आणि मग मर्यादेची तुलना खोट्या आकड्याशी होते. चेक_मल_ओव्हरफ्लो आणि अॅरे_साइज ही मॅक्रो त्यासाठीच आहेत. हाताने तुलना रचत बसू नका. यूजरच्या आकड्याने बिट सरकवणार असाल तर तो टाइपच्या रुंदीपेक्षा लहान आहे हे आधी बघा. आणि यूजरचा आकडा अॅरेचा इंडेक्स होणार असेल तर मर्यादा तपासल्यावरही अॅरे_इंडेक्स_नोस्पेक लावा. २०१८ च्या जानेवारीत स्पेक्टर ही प्रोसेसरची त्रुटी जाहीर झाल्यापासून नुसती तुलना पुरत नाही, प्रोसेसर अंदाजाने तुलनेच्या पुढे धावतो.

छाटायचं की नाकारायचं

मर्यादेबाहेरचं मूल्य आलं तर ते ओढून मर्यादेत बसवायचं, की चूक परत करायची? यावर मेलमध्ये लांबलचक वाद होतात, आणि बरेचदा दोन्ही बाजू बरोबर असतात, कारण उत्तर उपप्रणालीवर ठरतं.

एचडब्ल्यूमॉनचा नियम कागदोपत्री लिहिलेला आहे. मूल्य सलग असेल, जसं तापमानाची मर्यादा, तर क्लॅम्प. मूल्यं सुटी असतील, जसं पंख्याच्या भाजकाला २, ४ किंवा ८ एवढंच चालतं, तर बाकी सगळ्याला ईइनव्हॅल. व्ही४एल२ची (कॅमेरा-व्हिडिओच्या उपप्रणालीची) कंट्रोल फ्रेमवर्कही याच वळणाची: पूर्णांकाचं कंट्रोल असेल तर कोअर ते मर्यादेत आणि पायरीवर आणतं, मेनूचं असेल आणि क्रमांक मेनूबाहेरचा असेल तर ईरेंज. फ्रेमबफरमध्ये (पडद्याच्या जुन्या उपप्रणालीत) थोडंसं चुकलेलं मूल्य हार्डवेअरला जमणाऱ्या पुढच्या मूल्यापर्यंत वर न्यायचं, पण कमाल मर्यादाच ओलांडली तर ईइनव्हॅल. एमटीयूला (नेटवर्कच्या एका पाकिटाची कमाल लांबी) मात्र दयामाया नाही; मर्यादेबाहेर गेलात की नकार.

तेव्हा पहिला नियम: तुमच्या उपप्रणालीत जे चालतं ते करा, तुमची आवड बाजूला ठेवा. एकाच कुटुंबातल्या दोन ड्रायव्हरपैकी एकाने छाटलं आणि दुसऱ्याने नाकारलं, की यूजरस्पेसचा प्रोग्रॅम चिपची नावं ओळखून वेगवेगळा वागायला लागतो. तसं झालं की कर्नलच्या इंटरफेसला अर्थ उरत नाही.

दुसरा: छाटलंत तर सांगा. आयओसीटीएल असेल तर बदललेलं स्ट्रक्चर परत कॉपी करा. सिसएफएस असेल तर वाचताना खरं लागू झालेलं मूल्य दाखवा, मागितलेलं नव्हे. सिरियलमध्ये बॉड रेट नेमका जमला नाही तर जो लागला तो टर्मिऑसमध्ये (पोर्टच्या सेटिंगच्या स्ट्रक्चरमध्ये) परत लिहायचा असतो, आणि हार्डवेअरला न येणारे बिट तिथून पुसायचे असतात. हे न करणारे ड्रायव्हर बघितले की चीड येते, कारण त्यांचा दोष वर्षानुवर्षं केबलच्या नावावर खपतो.

नव्या इंटरफेससाठी माझं मत ठाम आहे: फ्लॅग आणि राखीव जागा यांत छाटाछाट नको, सरळ नकार. ओळख नसलेला बिट आज गुपचूप सोडून दिलात, तर कुणीतरी तो कचऱ्यासारखा लावून पाठवेल आणि पुढे त्या बिटाला अर्थ देणं अशक्य होऊन बसेल. जीपीआयओचा (चिपच्या सुट्या पिनांचा) दुसऱ्या आवृत्तीचा इंटरफेस स्ट्रक्चरमधली पॅडिंगची, म्हणजे नुसती भरणाची, जागासुद्धा शून्य आहे का ते बघतो, नसेल तर ईइनव्हॅल. खडूसपणा वाटतो, पण त्याचे आभार पाच वर्षांनी मानाल.

तपासणारं फंक्शन कोरडं ठेवा

कोरडं म्हणजे असं: त्याला हार्डवेअरची क्षमता द्यायची, प्रस्तावित अवस्था पूर्णच्या पूर्ण द्यायची, आणि त्याने फक्त ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘इतका बदल करून हो’ एवढंच सांगायचं. रजिस्टरला हात नाही, जपून ठेवलेल्या अवस्थेला हात नाही, मेमरी मागणं नाही.

कर्नलमध्ये ही कल्पना वेगवेगळ्या घरी वेगवेगळ्या नावाने नांदते. डीआरएममध्ये (ग्राफिक्सच्या नव्या उपप्रणालीत) अॅटॉमिक_चेक आणि अॅटॉमिक_कमिट वेगळे; यूजरस्पेस ‘फक्त तपासून बघ’ असा फ्लॅग देऊन पडद्याला धक्का न लावता उत्तर घेऊ शकतं. व्ही४एल२मध्ये ट्राय_एफएमटी आणि एस_एफएमटी. जुन्या फ्रेमबफरमध्ये चेक_व्हार आणि सेट_पार. तिथल्या नमुना ड्रायव्हरच्या टिप्पणीतच तीन उद्गारचिन्हं देऊन लिहिलंय की हे फंक्शन हार्डवेअरची अवस्था बदलत नाही. ती उद्गारचिन्हं का लागली असतील याची कल्पना करता येते.

पूर्ण अवस्था का द्यायची? कारण खरी भांडणं जोड्यांमध्ये असतात. किमान मर्यादा एकटी ठीक, कमाल एकटी ठीक, पण किमान कमालपेक्षा मोठी. बॉड रेट ठीक, विलंब ठीक, पण दोन्ही मिळून टायमरच्या रुंदीत मावत नाहीत. नेटवर्कच्या चॅनेलचं बघा: चॅनेल कमी करणं स्वतःपुरतं वैध असलं, तरी आरएसएसचा, म्हणजे येणारी पाकिटं चॅनेलांमध्ये वाटण्याचा, तक्ता अजून त्या चॅनेलकडे बोट दाखवत असेल तर कोअर ते नाकारतं. हे एकेका आकड्याकडे बघून कधीच कळणार नाही.

सेटरचा सांगाडा मग सगळीकडे एकच होतो. मी तो असा लिहितो:

लॉक घ्या
नवीन = सध्याची
नवीन मध्ये मागितलेलं तेवढंच बदला
चूक = तपासा(क्षमता, नवीन)
चूक नसेल तर चूक = चिपमध्ये_लिहा(नवीन)
चूक नसेल तर सध्याची = नवीन
लॉक सोडा, चूक परत करा

यातल्या ओळींची जागा विचारपूर्वक आहे. तपासणी लॉकच्या आत, कारण बाहेर केलीत तर तपासताना जी ‘सध्याची’ होती ती लिहिताना तीच असेल असं नाही. ‘सध्याची’ शेवटी बदलते, कारण आधी बदललीत आणि आयटूसी बसवरचं लिहिणं फसलं, तर रिझ्यूममध्ये तुम्ही चिपने कधीच न पाहिलेलं मूल्य तिच्या गळी उतरवाल. लिहिणं पाच रजिस्टरचं असेल आणि तिसऱ्यावर चूक आली, तर जुनी अवस्था परत लिहून बघा. तेही फसलं तर अवस्था अविश्वासार्ह म्हणून खूण करा आणि पुढच्या वेळी रिसेटपासून सुरू करा. अर्ध्या चिपमध्ये नवी आणि अर्ध्यात जुनी सेटिंग ठेवून चूक परत करणं सर्वांत वाईट.

आणखी एक छोटी युक्ती. ‘चिपमध्ये_लिहा’ला सुटे आकडे घेऊ देऊ नका. त्याला एक वेगळा स्ट्रक्चर टाइप घेऊ द्या, जो भरायचं काम फक्त तपासणारं फंक्शन करतं. सी भाषेत ही काही अभेद्य भिंत नाही, पण सहा महिन्यांनी घाईत कुणी नवीन सिसएफएस फाइल जोडली, की ती तपासणी टाळून जाण्यासाठी त्याला मुद्दाम वाकडी वाट करावी लागते. रिव्ह्यूमध्ये ती लगेच दिसते.

जोडीच्या मूल्यांना सिसएफएसच्या दोन वेगळ्या फाइल असल्या की एक कटकट होतेच. किमान १० कमाल २० वरून किमान ३० कमाल ४० वर जायचं, तर आधी कमाल लिहावी लागते. उलट क्रमाने गेलात तर नकार. इंटरफेस नवा असेल तर अशी जोडी एकाच व्यवहारात घेता येईल असं काहीतरी निवडा. जुना असेल तर क्रम दस्तऐवजात लिहा आणि पुढे चला.

कोअरमध्ये की ड्रायव्हरमध्ये

जिथे मर्यादा आकड्यांत सांगता येते, तिथे तपासणी कोअरमध्ये आणि ड्रायव्हरमध्ये फक्त जाहीरनामा. एमटीयूची गोष्ट यासाठी वाचण्यासारखी आहे. पूर्वी इथरनेटचे ड्रायव्हर एमटीयू बदलण्याच्या आपापल्या फंक्शनमध्ये ६८ पेक्षा कमी नको, अमुक पेक्षा जास्त नको, ही तुलना स्वतः लिहायचे. तीच दोन-तीन ओळींची तुलना, शेकडो फाइलींमध्ये, आणि कुठे फ्रेमच्या हेडरचे १४ बाइट धरलेले, कुठे नाही. २०१७ च्या ४.१० आवृत्तीपासून नेट_डिव्हाइसमध्ये किमान आणि कमाल एमटीयू अशी दोन घरं आली आणि तुलना कोअरमध्ये गेली.

पण त्यात एक खाच होती. इथरनेटचं सामाईक सेटअप कमाल १५०० ठेवतं. ज्या ड्रायव्हरांना मोठ्या फ्रेम जमत होत्या पण ज्यांनी ते नव्या घरात जाहीर केलं नाही, ते १५०० वर अडकले, आणि नंतर दुरुस्त्या कराव्या लागल्या. उलट कमालच्या घरात शून्य असेल तर कोअर वरची मर्यादा बघतच नाही. म्हणून तपासणी कोअरमध्ये हलवताना ‘काहीच जाहीर केलं नाही’ याचा अर्थ काय, हे पहिल्या दिवशी ठरवा आणि सगळे ड्रायव्हर एकदा हाताने चाळा.

इथटूलच्या (नेटवर्क कार्डाच्या सेटिंगच्या साधनाच्या) कोअलेस सेटिंगमध्ये, म्हणजे इंटरप्ट एकत्र करण्याच्या सेटिंगमध्ये, हे जास्त चांगलं साधलंय. त्या स्ट्रक्चरमध्ये वीसहून जास्त घरं आहेत आणि बहुतेक चिपना त्यातली दोन-चारच कळतात. बाकीची लिहिली तर काही ड्रायव्हर नाकारायचे, बरेच गप्प बसायचे. २०२० मध्ये, ५.७ पासून, ड्रायव्हरला जमणाऱ्या घरांचा मास्क द्यावा लागतो. त्याबाहेरचं काही मागितलं तर आयओसीटीएल असो वा नेटलिंक, कोअर ते नाकारतं. आणि सेट करायचं फंक्शन दिलं पण मास्क दिला नाही, तर डिव्हाइसची नोंदणीच होत नाही. विसरणाऱ्याला पहिल्याच बूटला कळतं. जाहीरनामा सक्तीचा करायचा असेल तर असा.

सगळंच कोअरमध्ये ढकलता येत नाही, याचं उदाहरण पिक्सक्लॉक. फ्रेमबफरच्या स्ट्रक्चरमधलं हे घर एका पिक्सेलला लागणारा वेळ पिकोसेकंदांत सांगतं. घड्याळाची वारंवारता काढायला ड्रायव्हर त्याने भागतो. यूजरने शून्य पाठवलं की भागाकाराची चूक, आणि ती कर्नलमध्ये. २०२१ ते २०२४ या काळात असिलियंट, कायरो, रिव्हा, आय७४०, सॅव्हेज, सिस अशा ड्रायव्हरमध्ये तीच तपासणी एकेक करून घालावी लागली: शून्य असेल तर ईइनव्हॅल. कोअरमध्ये एकदाच का नाही? कारण ज्यांना घड्याळ बदलताच येत नाही अशा ड्रायव्हरना पिक्सक्लॉकशी देणंघेणं नसतं, आणि तिथे शून्य हे रास्त मूल्य आहे. अशा ठिकाणी ड्रायव्हरलाच जागं राहावं लागतं. पण एका ड्रायव्हरमध्ये अशी चूक सापडली की तिथेच थांबू नका. त्याच डिरेक्टरीतल्या भावंडांमध्ये तोच भागाकार शोधा आणि सगळ्यांचे पॅच एकाच मालिकेत पाठवा.

चूक परत करताना

थोडक्यात. मूल्य चुकीचं तर ईइनव्हॅल, मर्यादेबाहेर आणि उपप्रणालीत तशी पद्धत असेल तर ईरेंज, हार्डवेअरला ती गोष्टच येत नसेल तर ईऑपनॉटसप, आत्ता शक्य नाही पण नंतर होईल तर ईबिझी, आयओसीटीएलच ओळखीचा नसेल तर ईनॉटटीटीवाय. ईनॉटसप, म्हणजे ५२४, यूजरपर्यंत जाऊ देऊ नका. तो कर्नलच्या आतला कोड आहे, बाहेर तो ‘अज्ञात चूक ५२४’ एवढाच दिसतो आणि पॅच तपासणारी स्क्रिप्टही त्यावर ओरडते. नेटलिंक असेल तर विस्तारित उत्तरात कारणाचं एक वाक्य आणि चुकलेल्या अॅट्रिब्यूटकडे बोट, दोन्ही द्या. लॉगमध्ये लिहायचंच असेल तर वेगाला लगाम असलेल्या आवृत्तीने. साध्या यूजरला लूप लावून लॉग भरता येता कामा नये.

रजिस्टरच्या उंबऱ्यावर

रजिस्टरमधल्या ठरावीक बिटांत मूल्य बसवणारं फील्ड_प्रेप हे मॅक्रो लोकांना तपासणी वाटतं. मूल्य कंपाइल करताना माहीत असेल तेव्हा ते खरोखर तपासतं. चालू असताना आलेल्या मूल्याला मात्र ते नुसता मास्क लावतं: ३ बिटांच्या फील्डमध्ये ९ लिहायला गेलात तर गुपचूप १ जातो. मूल्य मावतं का हे फील्ड_फिटला आधी विचारा, आणि तेही ‘तपासा’मध्ये, लिहिण्याच्या जागी नव्हे. रेगमॅप (रजिस्टर वाचण्या-लिहिण्याची सामाईक यंत्रणा) वापरत असाल तर लिहिता येणाऱ्या रजिस्टरांचा तक्ता भरा. मूल्यांची तपासणी त्याने होत नाही, पण भलत्याच पत्त्यावर लिहिणं तिथेच अडतं.

चाचणी

तपासणारं फंक्शन कोरडं ठेवल्याचा मोबदला इथे मिळतो. केयूनिटमध्ये (कर्नलच्या युनिट चाचण्यांच्या साधनात) ते हार्डवेअरशिवाय, नुसत्या लॅपटॉपवर चालतं. किमान, किमानच्या एक खाली, कमाल, कमालच्या एक वर, शून्य, टाइपचा सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा, सगळे फ्लॅग लावलेले, एकही नसलेला. हा संच मी डोळे मिटून घालतो. मग जोड्या.

त्यानंतर एक चाचणी खऱ्या चिपवर, आणि हीच बहुतेक जण करत नाहीत: तेच मूल्य प्रत्येक वाटेने पाठवा आणि लागू झालेली अवस्था एकमेकींशी ताडून बघा. आयओसीटीएलने ५०० मिलिसेकंद विलंब मागितला, डिव्हाइस ट्रीत ५०० लिहून बूट केलं, सस्पेंड करून परत आणलं. तिन्ही वेळा वाचल्यावर एकच उत्तर यायला हवं. वेगळं आलं तर कोणती वाट सामाईक फंक्शन टाळून जाते ते सांगायला दुसरा पुरावा लागत नाही. व्ही४एल२वाल्यांना कॉम्प्लायन्सचं तयार साधन आहे, ते चालवल्याशिवाय पॅच पाठवू नये. सिझकॉलरसारखा फझर (आपोआप उलटसुलट इनपुट देऊन बघणारं साधन) विचित्र जोड्या शोधायला उत्तम, पण तो कोसळलेलं कर्नल दाखवतो. १२७ च्या जागी -१२८ हवं होतं हे त्याला कळणार नाही.

जुन्या ड्रायव्हरमध्ये तपासणी घालताना

इथे हात आखडता घ्या. दहा वर्षं जे मूल्य गुपचूप चालत आलं, ते आजपासून नाकारलं तर कुणाचा तरी चालू प्रोग्रॅम बंद पडतो, आणि मग तुमची तपासणी कितीही शास्त्रशुद्ध असो, पॅच मागे घेतला जातो. आरएस४८५मध्ये यावर काढलेला तोडगा मी सरळ उचलला आहे. आधीपासून चालत आलेल्या फ्लॅगांचा एक जुना मास्क ठेवलाय. त्यातला फ्लॅग हार्डवेअरला जमत नसेल तर नेहमीसारखा पुसायचा आणि पुसलेलं स्ट्रक्चर यूजरला परत द्यायचं. त्या मास्कबाहेरचा, न जमणारा कोणताही बिट दिसला तर ईइनव्हॅल. जुन्यांना सवलत, नव्यांना शिस्त.

तुमच्याकडे तसं करायचं तर आधी पाहा की प्रचलित प्रोग्रॅम आणि लायब्ररी प्रत्यक्षात काय पाठवतात. शंका असेल तर एक-दोन आवृत्त्या नुसता एकदाच छापणारा इशारा टाकून वाट बघा. कोसळवणारी मूल्यं, म्हणजे शून्याचा भागाकार किंवा अॅरेबाहेरचा इंडेक्स, यांना ही सवलत लागू नाही. ती आजच नाकारा आणि दुरुस्ती जुन्या स्थिर आवृत्त्यांकडेही पाठवा. उरलेल्यांसाठी तो जुना मास्क एकाच हेडरमध्ये, नाव देऊन लिहा, आणि वर टिप्पणी टाका की या यादीत यापुढे एकही बिट वाढवायचा नाही.